सहा किलो दोन ग्रॅम

४ मार्च, सोमवार

या वहीत फक्त वजनं लिहायची असं ठरवून बसलोय. भागाचं नाव, पुढे ग्रॅम, बस. बघू किती दिवस जमतं.

टिल्ली आज दुकानात आली. टिल्ली म्हणजे माझी पुतणी, दादाची मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून टिल्ली पडलं ते पडलंच, आता एकोणीस वर्षांची आहे आणि माझ्यापेक्षा चार बोटं उंच. स्टुलावर बसली आणि सरळ म्हणाली की यंदा एकतीस तारखेला घाटाच्या शर्यतीत उतरतेय, तर मला सहा किलोच्या आतली सायकल बांधून दे. मी विचारलं, आईला विचारलंस का? तर म्हणे आईनेच सांगितलं, काकाकडूनच बांधून घे, दुसऱ्या कोणाकडे जाऊ नकोस.

वहिनी असं म्हणाल्या याचं मला नवल वाटलं. बरंही वाटलं. याच शर्यतीत तीन वर्षांपूर्वी दादा गेला. चढ सगळ्यांच्या पुढे चढला आणि परतीच्या उतारावर चौथ्या वळणाला पडला. ती सायकल मीच बांधली होती, पाच किलो नऊशे सत्तर. तरी वहिनींचा माझ्या हातावर विश्वास आहे.

हो म्हणालो. नाही कसं म्हणणार?

७ मार्च, गुरुवार

फ्रेम आली. ७१२ ग्रॅम. पुढचा चिमटा २९०.

मास्तर येऊन बसले होते. शाळेत गणित शिकवायचे, आता रिटायर झाल्यावर चौदा किलोच्या लोखंडी धुडावरून गावभर फिरतात आणि माझं डोकं खातात. टिल्लीची सायकल म्हटल्यावर त्यांनी लगेच पेन्सिल काढली. पोरीचं वजन पंचावन्न, सायकल सहा, नऊ किलोमीटरचा चढ, अर्धा तास. एक किलो कमी केलंस तर तीसेक सेकंद वाचतील, शंभर ग्रॅमला तीन. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले की शर्यतीच्या सकाळी तिचं पोट साफ झालं तर तुझ्या महिनाभराच्या मेहनतीएवढं वजन आपोआप कमी होईल.

हसलो. गिऱ्हाईकं माझ्या पाठीमागे मला 'तोळामासा' म्हणतात हे मला माहीत आहे. म्हणू देत. दादा गेला त्याच्या आदल्या वर्षी तो अकरा सेकंदांनी हरला होता. अकरा सेकंद म्हणजे चारशे ग्रॅम, हा हिशेब मास्तरांनीच तेव्हा याच काउंटरवर मांडला होता. त्यावर दादा मला म्हणाला होता, "अकरा सेकंद काढून दे मला, बाकी मी बघतो."

मी काढून दिले.

११ मार्च, सोमवार

चाकं वहिनीच बांधतायत. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना पंक्चरसुद्धा काढता येत नव्हतं. दादाने शिकवलं आणि दोन वर्षांत त्याच्यापेक्षा चांगली चाकं बांधायला लागल्या. एकेका स्पोकच्या आट्यांना जवसाच्या तेलाचं बोट लावतात, म्हणजे ते पुढे ढिले होत नाहीत. दादा गेल्यापासून दुकानात पाऊल टाकत नाहीत. मागचं दार त्यांच्या स्वयंपाकघरात उघडतं, तिथेच टेबलावर स्टँड मांडून काम करतात. मी दुपारी एक वाजता दुकान बंद करतो, त्यांच्याकडे जेवतो आणि वर माझ्या खोलीत जाऊन चारपर्यंत पडतो.

आज जेवताना त्यांनी विचारलं, "भाऊजी, या सायकलीत काय काय हलकं टाकताय ते मला सांगाल ना?"

सगळं सांगितलं. सीट, सीटचा दांडा, पेडलं, चेन, बाटलीचा पिंजरा. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "एवढंच?"

एवढंच, म्हणालो.

१५ मार्च, शुक्रवार

लिहायचं नव्हतं, पण सकाळपासून दुसरं काही सुचत नाहीये.

दादाचा दुकानात एक नियम होता. हाताखाली येतं ते आणि ब्रेकचं, ते स्टीलचं. बाकी काय वाट्टेल ते हलकं करा. हँडल ज्या चार बोल्टांनी धरलेलं असतं ते चार, त्याच्या मागचे दोन आणि ब्रेकचे, यांना हात लावायचा नाही. चारशे ग्रॅम काढताना मी तीनशे नव्वदवर अडकलो होतो. हँडलचे चार बोल्ट ॲल्युमिनियमचे घातले की बरोबर दहा ग्रॅम कमी होतात. दिसायला तसेच काळे. घातले. दादाला सांगितलं नाही, त्याने ऐकलं नसतं.

त्या दिवशी चौथ्या वळणावर पहिला मी पोचलो. हँडल एका बाजूने उखडलं होतं. एका बोल्टचं डोकं रस्त्यावर पडलेलं, ते उचलून शर्टाच्या खिशात टाकलं. का उचललं, आता सांगता येणार नाही. रस्त्यावर खडी होती. सगळ्यांना मी तेच सांगितलं, खडीवरून चाक घसरलं. खोटं नाही बोललो, खडी होतीच.

नंतर चार दिवस त्या शर्टाची आठवणच राहिली नाही. आठवण झाली तेव्हा शर्ट धुऊन, इस्त्री होऊन कपाटात आला होता आणि तुकडा खिशातच होता, स्वच्छ. नशीब, कोणाच्या हाती लागला नाही. तेव्हापासून तो खोकल्याच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत आहे, वरच्या फळीवर, सोल्युशनच्या खोक्यामागे.

पडल्यावर दणक्याने तुटला असेल. असंच होतं, हँडल जमिनीवर आपटलं की बोल्ट तुटतोच. आधी तुटला आणि म्हणून तो पडला, असं कशावरून?

१८ मार्च, सोमवार

सायकल जवळजवळ उभी राहिली. आज बोल्टांशी आलो.

दोन्ही खोकी काउंटरवर ठेवून अर्धा तास बसलो. स्टीलचे घालावेत असं हात म्हणत होता. पण स्टीलचे घातले तर त्याचा अर्थ काय होतो? की मागच्या वेळी हलके घातले ते चुकलं. की मला ते माहीत होतं. मग तीन वर्षं मी काय केलं? ॲल्युमिनियमचे बोल्ट जगभर लोक घालतात, त्यांच्या सायकली काय रोज मोडून पडतात?

ॲल्युमिनियमचे घातले. हँडलचे चार, मागचे दोन आणि पुढच्या ब्रेकचासुद्धा. टॉर्कच्या पान्याने मोजून आवळले. काही होणार नाही. टिल्ली धडधाकट खाली येईल आणि मग तो तुकडा गटारात टाकून देईन.

२० मार्च, बुधवार

एक वाजता काट्यावर घेतली. ५.९८७. तेरा ग्रॅम हातात राखून! एकटाच होतो तरी टाळी वाजवली. जेवायला गेल्यावर टिल्लीलाही नाचत सांगितलं.

चार वाजता खाली आलो, हौसेने पुन्हा चढवली तर ५.९९२. काटा शून्यावर आणून पाहिला, तेच. पंखा बंद करून पाहिला, तेच. धूळ पाच ग्रॅम बसत नाही.

२१ मार्च, गुरुवार

काट्याचे सेल नवे घातले. अर्ध्या किलोचं माप ठेवलं, बरोबर पाचशे दाखवतो. म्हणजे काट्याचा दोष नाही.

एक वाजता ५.९९२. चार वाजता ५.९९७.

भाग घट्ट धरायच्या वाइसच्या तोंडात थोडा काळपट कीस सापडला. माझाच असेल, गेले पंधरा दिवस काही ना काही घासतोच आहे. ब्रशने झाडून टाकला.

२२ मार्च, शुक्रवार

आज दुपारी डोळा लागेना. वर पडलो होतो आणि खालून मागच्या चाकाची टिकटिक आली. दादाची सवय होती ती. काही बोलायचं असलं की आधी सायकल धरून मागचं चाक नुसतं फिरवत उभा राहायचा. टिकटिक टिकटिक, आणि मग बोलायचा. आज तशीच आली. थांबली, पुन्हा आली.

टळटळीत दुपार होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. उतरून बघावं असं वाटलं, पण पाय उचलले गेले नाहीत. पन्नाशीचा बाप्या मी, घाबरून चादर छातीपर्यंत ओढून पडलो होतो. चार वाजेपर्यंत घड्याळ बघत राहिलो.

६.००२. हँडलजवळ वाकलो तर जवसाच्या तेलाचा वास आला. दादाच्या हातांना कायम तोच वास असायचा.

जेवायचं झालं नाही रात्री. वहिनींनी विचारलं, बरं नाही का? उन्हाचा त्रास, म्हणालो.

२४ मार्च, रविवार

टिल्ली येऊन काट्यावर बघून गेली. सहाच्या वर दोन ग्रॅम पाहून तोंड पडलं तिचं. म्हणाली, काका, तू तर बुधवारी तेरा कमी आहेत म्हणून नाचत होतास. काट्यावर ढकललं.

ती गेल्यावर सायकल पुरी सोडवली. चाकं वेगळी तोलली, वहीतल्या आकड्यांशी जुळतात. सीट, दांडा, पेडलं, चेन, सगळं जुळतं. फक्त हँडल आणि ब्रेक सोडवले नाहीत. ॲल्युमिनियमचा बोल्ट एकदा आवळला की पुन्हा पुन्हा सोडू नये, म्हणून. तेवढंच कारण.

मग सीटच्या दांड्याचं खालचं टोक चार ग्रॅम कापलं. ५.९९८. आता बघू.

२५ मार्च, सोमवार

चार वाजता ६.००२.

बरोबर तेवढेच. चार काढले, चार परत आले. मी स्टुलावर बसून मोठ्याने म्हणालो, दादा, काय पाहिजे तुला? रिकाम्या दुकानात आपलाच आवाज फार वाईट लागतो.

मास्तरांना सांगितलं नाही, पण आडून विचारलं की वस्तू आपोआप जड होते का. म्हणाले, वस्तू होत नाही, उचलणारा थकतो. झोप काढ जरा, डोळे बघ आरशात.

२७ मार्च, बुधवार

कालपासून वजन तिथेच आहे. एक वाजता ६.००२, चारला ६.००२. दादाला पाहिजे होतं तेवढं झालं बहुतेक.

मला कधी कधी वाटतं की तो नियमावरूनच रागावलाय. पण रागावला असता तर सायकल मोडली असती, वजन कशाला वाढवेल?

वहिनी आज जेवताना फार निवांत दिसत होत्या. गेले पंधरा दिवस चेहरा ओढलेला होता. टिल्लीला म्हणाल्या, उतारावर ब्रेक दाबायला लाजू नकोस. मला वाढता वाढता म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला काही सांगायचंय का?" मी म्हटलं, कशाबद्दल? त्या म्हणाल्या, कशाबद्दलही. भाजी छान झालीय, म्हणालो. त्यांनी भांडं उचललं आणि आत गेल्या.

३० मार्च, शनिवार

आज सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी टिल्ली सायकल चालवून आली आणि म्हणाली हँडल किंचित वर फिरव, मनगटं दुखतात. आता सोडल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. पाना लावला, पहिला बोल्ट सोडला आणि तो बोटांतून निसटून काउंटरखाली गेला. दुकानात काही पडलं की आम्ही चुंबकाची कांडी फिरवतो, हाताला तीच सवय. कांडी खाली सारली आणि सारता सारता स्वतःलाच शिवी घातली की ॲल्युमिनियम कुठे चुंबकाला चिकटतं, शहाण्या.

टक् असा आवाज झाला. कांडी बाहेर काढली तर टोकाला बोल्ट चिकटलेला.

उजेडात धरला. स्टीलच्या बोल्टच्या डोक्यावर आकडा कोरलेला असतो, तो घासून काढलेला आणि वर काळा रंग दिलेला. आट्यांना जवसाचं तेल. बाकीच्यांना कांडी लावत गेलो. टक्, टक्, टक्. हँडलचे चार, मागचे दोन, ब्रेकचा एक. मी घातलेला एकही नव्हता.

फळीवर चढून डबी काढली. नेहमीपेक्षा जड लागली. आत तो तुटका तुकडा होता, आणि त्याच्याशेजारी कागदात गुंडाळलेले माझे सात बोल्ट, पुसून ठेवलेले.

स्वयंपाकघरात गेलो. वहिनी कोणाच्या तरी वाकड्या चाकाचा आउट काढत होत्या. चाक फिरत होतं, त्यांची नजर रिमवर होती. मी डबी टेबलावर ठेवली. त्यांनी डबीकडे पाहिलं आणि हाताने चाक थांबवलं.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"त्याच आठवड्यात कळलं. तुमचा शर्ट मीच धुतला ना. खिशात सापडला. पुसून परत ठेवला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले," वहिनी म्हणाल्या. "आज बोलाल, उद्या बोलाल. मी बोलले असते तर घरात राहिलं कोण असतं? टिल्लीला एक काकाच तर उरला होता. म्हटलं तिला तुमच्याकडेच पाठवावं, तिची सायकल म्हटल्यावर तरी तोंड उघडाल. मग मागच्या दारातून येऊन बघितलं तर तुम्ही पुन्हा तेच घातलेले. तीन वर्षं थांबले भाऊजी, पण पोरीच्या सायकलीवर कशी थांबू?"

स्टँडला धरून म्हणालो, "वहिनी, बोल्ट आधी तुटला. खडी वळणाच्या पुढे होती. तो त्याच्या आधी पडला होता." तोंडातून बाहेर पडेपर्यंत मला स्वतःला माहीत नव्हतं की मला हे एवढं स्वच्छ आठवतंय.

वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी रिमवरून एकदा अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "टिल्लीला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

३१ मार्च, रविवार

चौथ्या वळणावर उभा होतो. वहिनीही आल्या होत्या, माझ्यापासून हातभर अंतरावर. मास्तर त्यांचं धूड ढकलत तिथपर्यंत चढून आले आणि धापा टाकत दगडावर बसले.

ती आली तेव्हा मला फक्त हँडल दिसत होतं. दोन्ही ब्रेक दाबून, वाकून वळण घेतलं आणि गेली. सगळं मिळून चार सेकंदांचं काम. वहिनींनी तोंडावर पदर दाबला होता.

खाली पायथ्याशी तिला गाठलं तेव्हा कळलं, तिसरी आली, पन्नास सेकंदांनी मागे. मास्तर म्हणाले पन्नास सेकंद म्हणजे पावणेदोन किलो, तेवढं या सायकलीतून काढायचं तर चाकंच काढावी लागतील. टिल्ली मात्र खुशीत होती. मला म्हणाली, काय हलकी लागली रे काका, पिसासारखी, शेवटी आणलीस ना सहाच्या आत?

सहा किलो दोन ग्रॅम, म्हणालो. आणि मग तिथेच, बाकीचे गाड्यांकडे गेल्यावर, सांगितलं. सगळं. दादाचा नियम, दहा ग्रॅम, खिसा, डबी आणि तिच्या सायकलीवरचे सात बोल्टही. डबी उघडून पुढे केली. तिने तुकडा चिमटीत धरून पाहिला.

"एवढासा?"

सायकल गाडीवर चढवू दिली नाही, हातात धरून रस्त्याने चालत घरी निघाली. वहिनी तिच्यामागे गेल्या. मला कोणी बोलावलं नाही आणि तेच बरोबर होतं.

१ एप्रिल, सोमवार

दुकान उघडलं नाही. जेवायलाही गेलो नाही, वरच पडून होतो. माझी बॅग भरून ठेवली होती, कुठे जायचं ते ठरत नव्हतं.

दुपारी दोनच्या सुमाराला खालून टिकटिक आली. थांबली, पुन्हा आली. यावेळी उतरलो.

टिल्ली स्टुलावर बसली होती. समोर सायकल, एका हाताने मागचं चाक नुसतं फिरवत होती. दादासारखीच. डबी काउंटरवर उघडी होती. डोळे सुजलेले, रात्रभर रडली असावी. मी दारातच उभा राहिलो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, दुसरं स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं.

बसलो.

"काल घाईत सांगितलंस," ती म्हणाली. "आता सावकाश सांग. बाबा अकरा सेकंदांनी हरला तिथपासून."

तिने चाकावर हात ठेवला, टिकटिक बंद झाली आणि मी सांगायला लागलो.